समुद्रातल्या तेलाचा शेअर : ठेवावा, विकावा की आणखी घ्यावा?

समजा, नोकरीनिमित्त लखनौला गेलेले आणि तिथेच विकास नगरात स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ आहेत. मार्च २००४ मध्ये केंद्र सरकारने ओएनजीसी, म्हणजे तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ, या कंपनीतला आपला काही हिस्सा जनतेला विकला. भाव होता ७५० रुपये. या गृहस्थांनी अर्ज केला आणि त्यांना ६० शेअर मिळाले. ४५ हजार रुपये गुंतले. त्यानंतर त्यांनी ना काही विकले, ना घेतले. आता ते निवृत्त आहेत आणि त्यांच्या डीमॅट खात्यात ५४० शेअर दिसतात.

दोन वर्षांनी नातीच्या कॉलेजच्या फीसाठी मोठी रक्कम लागणार आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, आखातात गडबड आहे, तेल चढणार, आणखी घ्या." शेजारी म्हणतात, "सगळे विकून मोकळे व्हा, मुंबई हायचे तेल संपत आले." गृहस्थांना दोघांचेही थोडे थोडे पटते. मग करावे काय?

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातले भाव आणि तारखा खऱ्या आहेत. या लेखात शेअर घ्या किंवा विका असा सल्ला दिलेला नाही. समुद्रातून तेल काढणाऱ्या कंपनीचे भवितव्य कसे तोलायचे आणि त्यासाठी कोणते प्रश्न विचारायचे, एवढेच सांगितले आहे. ओएनजीसीचे उदाहरण घेण्याचे कारण सरळ आहे. लाखो छोट्या बचतदारांकडे हा शेअर आहे आणि आपल्या किनाऱ्यासमोरच या कंपनीचे सर्वांत मोठे तेलक्षेत्र आहे.

६० चे ५४० कसे झाले?

आधी हा हिशेब समजून घेऊ, कारण इथेच पुष्कळांची फसगत होते.

२००६ मध्ये कंपनीने दर दोन शेअरमागे एक बोनस शेअर दिला. ६० चे ९० झाले. २०११ मध्ये १० रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे ५ रुपयांचे दोन शेअर केले, ९० चे १८० झाले. त्याच वेळी एकास एक बोनस मिळाला, १८० चे ३६० झाले. २०१६ मध्ये पुन्हा दोनास एक बोनस आला आणि ३६० चे ५४० झाले.

म्हणजे २००४ च्या एका शेअरचे नऊ शेअर झाले. मूळ भाव ७५० रुपये होता. त्याला ९ ने भागले की आजच्या एका शेअरची खरी खरेदी किंमत निघते, सुमारे ८३ रुपये.

शेअर नऊपट झाले म्हणून संपत्ती नऊपट झाली असे मात्र नाही. एका भाकरीचे चार चतकोर केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. बोनस दिला त्या दिवशी कंपनीचे तेल, पैसा किंवा नफा यांत काहीही वाढ होत नाही. शेअर वाढतात आणि त्या प्रमाणात भाव खाली येतो. म्हणून बोनसच्या बातमीवर खुश होऊन शेअर घेऊ नये. कोणत्याही जुन्या भावाची आजच्या भावाशी तुलना करताना आधी हा भागाकार करावा.

आता या ५४० शेअरची किंमत पाहा. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या घसरणीत, भाव ६० रुपयांच्याही खाली गेला. सोळा वर्षांपूर्वी गुंतवलेल्या ४५ हजारांची बाजारातली किंमत तेव्हा साडेबत्तीस हजारांहूनही कमी झाली होती. ऑगस्ट २०२४ च्या सुरुवातीला भाव ३३० रुपयांच्या वर होता. तेव्हा तेच शेअर पावणेदोन लाखांहून अधिक किमतीचे झाले. साडेचार वर्षांत एवढा फरक पडला. फीची तारीख यांपैकी कोणत्या वेळी आली असती, यावर नातीचा प्रवेश अवलंबून राहिला असता.

तेल येते कुठून?

शेअर म्हणजे कंपनीच्या मालमत्तेतला वाटा. या कंपनीची मुख्य मालमत्ता आहे समुद्राच्या तळाखालचे तेल आणि वायू.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात, फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने खोदलेल्या विहिरीत तेल लागले. मे १९७६ मध्ये तिथून उत्पादन सुरू झाले. हेच मुंबई हाय. तिथले तेल समुद्रतळावरच्या नळाने रायगड जिल्ह्यातल्या उरणला येते. वसईसमोरच्या समुद्रात सापडलेल्या क्षेत्रातून मुख्यतः वायू मिळतो. तो गुजरातमध्ये हजिऱ्याला उतरतो. हा वायू उत्तरेकडे नेण्यासाठीच पुढे हजिरा, विजयपूर, जगदीशपूर अशी लांब वाहिनी टाकली गेली. जगदीशपूर लखनौपासून फार लांब नाही. म्हणजे विकास नगरातले आपले गृहस्थ समुद्रापासून शेकडो कोस दूर असले, तरी समुद्रातल्या वायूची वाहिनी त्यांच्या जवळपास येऊन पोचली आहे.

मुंबई हाय आता पन्नाशीचे झाले आहे. जुन्या तेलक्षेत्राचे काय होते? सुरुवातीला जमिनीखालचा दाब जास्त असतो आणि तेल जोराने वर येते. जसजसे तेल काढावे, तसतसा दाब उतरतो. मग दाब टिकवण्यासाठी खाली पाणी सोडावे लागते, नव्या विहिरी खणाव्या लागतात, जुन्या दुरुस्त कराव्या लागतात. वर येणाऱ्या द्रवात तेल कमी आणि पाणी जास्त होत जाते. तेवढेच तेल काढायला दरवर्षी जास्त खर्च येतो.

आकडे पाहा. २०१३-१४ मध्ये ओएनजीसीने देशातल्या स्वतःच्या क्षेत्रांतून सुमारे २ कोटी २२ लाख टन तेल काढले. २०२३-२४ मध्ये हा आकडा सुमारे १ कोटी ८४ लाख टनांवर आला. दहा वर्षांत सहावा हिस्सा कमी झाला, आणि तोही या काळात हजारो कोटी रुपये खर्च करून. खर्च केला नसता, तर घट याहून मोठी झाली असती.

म्हणून शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. तेल कमी होत आहे, पण संपलेले नाही. २०२५ च्या सुरुवातीला मुंबई हायचे उत्पादन पुन्हा वाढवण्यासाठी कंपनीने बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साहाय्यक म्हणून निवडले. या प्रयत्नाला किती यश येते, हे पुढच्या काही वर्षांच्या उत्पादनाच्या आकड्यांतून दिसेल.

मुदत ठेव आणि तेलाची विहीर

छोट्या बचतदाराने या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही.

बँकेत एक लाख रुपये मुदत ठेवीत ठेवले, की व्याज मिळते आणि मुदतीअखेर एक लाख शाबूत असतात. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे. तेल कंपनीत तसे नसते. ती जे विकते ते तिचे मुद्दलच असते. आज काढलेले पिंपभर तेल उद्या पुन्हा त्या विहिरीत भरत नाही. म्हणून तेल कंपनीच्या लाभांशात थोडे व्याज असते आणि थोडे मुद्दलही असते.

मुद्दल शाबूत ठेवायचे तर जितके तेल काढले, तितके नवे शोधावे लागते. याचे माप वार्षिक अहवालात असते. वर्षभरात साठ्यात नव्याने किती भर पडली, त्याला वर्षभरात किती काढले याने भागायचे. उत्तर एकपेक्षा जास्त आले, तर साठा टिकून आहे. सतत एकपेक्षा कमी येत असेल, तर कंपनी मुद्दल खात आहे.

पण या मापावरही डोळे मिटून विसंबू नये. साठा म्हणजे गोदामात मोजून ठेवलेली पोती नव्हेत. समुद्राखाली दोन-तीन किलोमीटर खोल असलेल्या खडकात किती तेल-वायू आहे आणि त्यातला किती बाहेर काढता येईल, याचा तो अंदाज असतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातले खासगी क्षेत्रातले केजी-डी६ आठवा. तिथल्या पहिल्या दोन वायुक्षेत्रांतून एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. रोज ८ कोटी घनमीटर वायू मिळेल अशी आखणी होती. २०१० मध्ये ते ६ कोटींच्या आसपास पोचले आणि तिथूनच वेगाने उतरू लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये ती दोन्ही क्षेत्रे बंद झाली. अंदाज करणारे तज्ज्ञच होते. पण खडकाने वेगळे उत्तर दिले.

म्हणून 'नवा साठा सापडला' ही बातमी आणि 'उत्पादन सुरू झाले' ही बातमी यांत फरक करावा. दोन्हींमध्ये अनेक वर्षे जाऊ शकतात. ओएनजीसीच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातल्या प्रकल्पाला, ज्याचे नाव केजी-डीडब्ल्यूएन-९८/२ आहे, २०१६ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलर खर्चाची मंजुरी मिळाली. तिथले पहिले तेल ७ जानेवारी २०२४ रोजी, ठरल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा आले. तोपर्यंत पैसा अडकून होता आणि भागधारक वाट पाहत होते.

तेल महाग झाले की शेअर वाढतोच का?

आता मुलाच्या म्हणण्याकडे वळू. 'तेल चढणार, म्हणून शेअर चढणार' हे गणित सोपे वाटते. मागच्या वीस वर्षांत ते पुष्कळदा चुकले आहे.

एक खरे उदाहरण घ्या. १ मार्च २०१२ रोजी सरकारने ओएनजीसीतला ५ टक्के हिस्सा विकायला काढला. किमान भाव होता २९० रुपये. २०१६ चा बोनस धरून आजच्या हिशेबाने तो सुमारे १९३ रुपये होतो. बरोबर दहा वर्षांनी, मार्च २०२२ अखेर, सरकारने पुन्हा दीड टक्का हिस्सा विकायला काढला. या वेळी किमान भाव होता १५९ रुपये. दोन्ही वेळी जागतिक बाजारात तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होते. शिवाय दहा वर्षांत डॉलर ५० रुपयांच्या आसपासून ७५ च्या पुढे गेला होता. तेलाला रुपयांत जास्त भाव मिळत होता आणि तरीही शेअर स्वस्त होता. त्या दहा वर्षांत भागधारकाच्या हाती आला तो फक्त लाभांश.

असे का झाले? उत्पादन घटले, हे एक कारण. दुसरे कारण असे की बाजारातला भाव आणि कंपनीच्या पदरात पडणारा भाव या वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिले, सवलतीचा भार. डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅस ग्राहकांना स्वस्त मिळावेत म्हणून त्या भाराचा मोठा वाटा एकेकाळी ओएनजीसीला उचलावा लागे. २०१३-१४ या एका वर्षात हा वाटा सुमारे ५६ हजार कोटी रुपये होता. त्या वर्षी तेलाचा भाव पिंपाला सुमारे १०६ डॉलर होता. सवलत वजा जाता कंपनीच्या हाती सुमारे ४१ डॉलरच आले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले, त्याच सुमारास तेलही उतरले आणि हा भार ओसरला.

दुसरे, जादा कर. २०२१-२२ मध्ये कंपनीला ४० हजार कोटींच्या वर नफा झाला. १ जुलै २०२२ पासून सरकारने देशात काढलेल्या तेलावर टनाला २३,२५० रुपये विशेष कर लावला. तो भावाप्रमाणे कमी-जास्त होत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला.

तिसरे, वायूचा दर. जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा भाव सरकार ठरवते. ऑक्टोबर २०२० मध्ये तो एमएमबीटीयू या एककाला १.७९ डॉलर इतका खाली होता. दोनच वर्षांनी ८.५७ डॉलर झाला. एप्रिल २०२३ पासून तो तेलाच्या भावाच्या १० टक्के धरला जातो आणि त्याला वरची मर्यादा आहे. सुरुवातीला ती ६.५० डॉलर होती. या मर्यादेमुळे सीएनजी भरणाऱ्याला आणि घरात नळाने गॅस घेणाऱ्याला दिलासा मिळतो, पण भागधारकाची कमाई तिथेच थांबते. आपले गृहस्थ दोन्हीकडे आहेत. स्वयंपाकघरात ते ग्राहक आहेत आणि डीमॅट खात्यात मालक.

तेल पडते तेव्हा मात्र फटका पूर्ण बसतो. २००८ च्या जुलैमध्ये पिंप १४७ डॉलरपर्यंत गेले होते, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ४० च्या खाली आले. जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली, एप्रिल २०२० मध्ये २० च्याही खाली. जानेवारी ते मार्च २०२० या तिमाहीत ओएनजीसीने ३ हजार कोटींहून जास्त तोटा दाखवला. त्यात मोठा भाग मालमत्तेची किंमत पुस्तकात कमी करून घेण्याचा होता. तेल स्वस्त झाले की काही विहिरी परवडत नाहीत आणि त्यांची किंमत हिशेबात उतरवावी लागते.

थोडक्यात, भाव वर गेला की वाटेकरी येतात. भाव खाली गेला की कंपनी एकटी असते.

मोठा भागीदार काय ठरवतो?

ओएनजीसीत सरकारचा हिस्सा सुमारे ५९ टक्के आहे. म्हणजे महत्त्वाचे निर्णय सरकारच्या मताने होतात. याचा फायदाही आहे. कंपनीला कर्ज सहज मिळते, तेलक्षेत्रे हाती असतात आणि सरकारला स्वतःला पैसा हवा असल्याने लाभांश सहसा चुकत नाही. पण मोठ्या भागीदाराची गरज आणि छोट्या भागीदाराची गरज नेहमी एक नसते.

गुजरात सरकारच्या जीएसपीसी या कंपनीच्या दीनदयाळ वायुक्षेत्राचे पाहा. २००५ मध्ये तिथे २० लाख कोटी घनफूट वायू असल्याची घोषणा झाली होती. प्रत्यक्ष अंदाज पुढे त्याच्या लहानशा अंशावर आला. २०१७ मध्ये त्या क्षेत्रातला ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने सुमारे एक अब्ज डॉलर देऊन घेतला. जानेवारी २०१८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारचा ५१ टक्के हिस्सा ओएनजीसीने ३६,९१५ कोटी रुपयांना विकत घेतला. हे पैसे सरकारला मिळाले आणि ओएनजीसीवर कर्ज झाले. पेट्रोल पंप आणि शुद्धीकरण कारखाने हाती आले हे खरे. पण त्या धंद्याचे चढउतारही आले. हिंदुस्थान पेट्रोलियमला २०२२-२३ मध्ये मोठा तोटा झाला आणि पुढच्याच वर्षी मोठा नफा.

हे निर्णय बरे की वाईट, यावर मतभेद असू शकतात. छोट्या भागधारकाने एवढेच ध्यानात घ्यावे की ते त्याला विचारून होत नाहीत. त्याला मतदानाचा हक्क असतो, तो जरूर वापरावा. पण बहुमत दुसऱ्याकडे आहे, हे धरूनच हिशेब करावा.

समुद्राची जोखीम आणि कर्जाची जोखीम

२७ जुलै २००५ रोजी, मुंबईत आदल्या दिवशीच्या महापुराचे पाणी ओसरलेही नव्हते, तेव्हा मुंबई हायच्या उत्तर भागातल्या एका प्लॅटफॉर्मला एका मदतनौकेची धडक बसली. वायूच्या नळाला आग लागली आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला. २२ माणसे गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा तराफा मुंबई हायजवळ बुडाला आणि ७० हून अधिक कामगारांचा जीव गेला. यंत्रसामग्रीचा विमा असतो, माणसांची भरपाई होत नाही. म्हणून वार्षिक अहवालात सुरक्षिततेचे पान वाचणे हे भागधारकाचेही काम आहे. ज्या कंपनीत माणसे जपली जात नाहीत, तिथे पुढेमागे पैसाही जपला जात नाही.

दुसरी जोखीम कर्जाची. समुद्रातल्या तेलाशी संबंधित प्रत्येक कंपनी तेलाची मालक नसते. काही कंपन्या फक्त रिग भाड्याने देतात. चेन्नईची आबान ऑफशोअर ही अशी कंपनी. तिने भारी कर्ज काढून परदेशी रिगमालक कंपनी विकत घेतली. २००८ च्या सुरुवातीला तिचा शेअर पाच हजार रुपयांच्या वर होता. पुढे तेल पडले, रिगचे भाडे उतरले, पण कर्जाचे हप्ते तेवढेच राहिले. शेअर घसरत घसरत दोन आकड्यांवर आला. 'समुद्रातले तेल' हा शब्द दोन्ही कंपन्यांच्या नावाशी जोडला जातो, पण एकीकडे स्वतःचा साठा आहे आणि दुसरीकडे भाड्याचा धंदा. शेअर घेण्याआधी कंपनी नेमके काय विकते आणि तिच्यावर किती कर्ज आहे, हे पाहावेच.

लाभांशावर घर चालेल का?

२०२०-२१ या वर्षासाठी ओएनजीसीने शेअरमागे ३ रुपये ६० पैसे लाभांश दिला. आपल्या गृहस्थांना ५४० शेअरवर १,९४४ रुपये मिळाले. २०२३-२४ साठी लाभांश होता १२ रुपये २५ पैसे. म्हणजे ६,६१५ रुपये.

मूळ ४५ हजारांवर ६,६१५ रुपये म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के, असे म्हणून हुरळून जाऊ नये. हे शेअर आज विकले तर जी रक्कम येईल, तिच्यावर किती टक्के पडतात ते मोजावे, कारण तीच रक्कम दुसरीकडे ठेवता आली असती. तीन वर्षांत लाभांश तिपटीहून वाढला, तसाच तो खालीही येऊ शकतो. म्हणून औषधपाणी, वीजबिल, फी असे ठरलेले खर्च या लाभांशावर टाकू नयेत. तो आला तर बोनस समजावा.

मग आपल्या गृहस्थांनी काय करावे?

ठेवावे की विकावे, हा एकच प्रश्न समजू नये. ५४० शेअर म्हणजे एक गठ्ठा नव्हे. त्याचे भाग करता येतात.

पहिला भाग फीचा. दोन वर्षांत ज्या पैशांची गरज ठरलेली आहे, ते तेलाच्या भावावर टांगून ठेवू नयेत. तेवढ्या रकमेचे शेअर योग्य वेळी, हवे तर दोन-तीन टप्प्यांत विकून पैसे मुदत ठेवीत किंवा टपाल खात्याच्या योजनेत ठेवावेत. नंतर भाव वाढला तर हळहळ वाटेल. पण भाव निम्मा झाला आणि फी भरता आली नाही, तर होणारे नुकसान त्याहून मोठे आहे.

दुसरा भाग उरलेल्या शेअरचा. त्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारावा. हे शेअर नसते आणि एवढी रोख रक्कम आज हातात असती, तर मी याच कंपनीत घातली असती का? उत्तर 'हो' असेल तर ठेवावे. '८३ रुपयांना पडले आहेत, म्हणून ठेवतो' हे कारण पुरेसे नाही. आपण कितीला घेतले, हे विहिरीलाही माहीत नाही आणि बाजारालाही.

तिसरा प्रश्न आणखी घेण्याचा. एकूण बचतीतला किती हिस्सा या एका कंपनीत आहे, ते आधी पाहावे. ज्याची सगळी जमा एकाच शेअरमध्ये आहे, त्याने तेल चढण्याच्या बातमीवर त्यात भर घालणे म्हणजे एकाच काठीवर सगळा मांडव उभा करणे. युद्धाची बातमी आपल्यापर्यंत पोचते, तोवर ती भावात आलेली असते.

वर्षातून एकदा पाहायच्या गोष्टी

रोज भाव पाहण्याची गरज नाही. वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. त्यातून एका वहीत पुढील गोष्टी उतरवून ठेवाव्यात आणि मागच्या वर्षाशी ताडून पाहाव्यात.

१. तेल आणि वायूचे उत्पादन वाढले की घटले?

२. जितके काढले, त्याच्या प्रमाणात साठ्यात किती भर पडली?

३. पिंपामागे बाजारभाव किती होता आणि कंपनीच्या हाती किती आला?

४. कर्ज किती आहे आणि ते कशासाठी काढले?

५. सांगितलेले नवे प्रकल्प सांगितल्या वेळेला सुरू झाले का?

६. लाभांश किती, आणि तो नफ्यातून दिला की कर्ज वाढवून?

पाच वर्षांची अशी नोंद असली, की कोणाच्याही टिपेपेक्षा ती जास्त कामाची ठरते.

काही कामे मात्र आजच उरकून घ्यावीत. डीमॅट खात्यात वारसाचे नाव नोंदवलेले आहे का ते पाहावे. बँक खाते बदलले असेल तर ते डीमॅट खात्याला जोडून घ्यावे. सात वर्षे न घेतलेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो आणि परत मिळवायला अर्ज करावा लागतो. जुने कागदी शेअर असतील तर ते डीमॅट करून घ्यावेत. लाभांशावर आणि विक्रीच्या नफ्यावर कर लागतो. बोनस आणि विभाजन झालेल्या शेअरची खरेदी किंमत धरण्याचे नियम वेगळे आहेत, म्हणून मोठी विक्री करण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे.

व्हॉट्सअॅपवर 'उद्या दुप्पट' असे सांगणाऱ्या कोणालाही पैसे किंवा ओटीपी देऊ नये. सल्ला हवाच असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडूनच घ्यावा आणि त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासावा. दलालाबद्दल किंवा कंपनीबद्दल तक्रार असेल, तर ती सेबीच्या स्कोअर्स या संकेतस्थळावर नोंदवता येते.